पसंतीक्रम खरा लिहावा की शहाणपणाने?

अमेरिकेत डॉक्टर झालेल्या मुलामुलींनी पुढचे प्रशिक्षण कोणत्या हॉस्पिटलात घ्यायचे, हे एक गणिती नियम ठरवतो. उमेदवार आणि हॉस्पिटले आपापला पसंतीक्रम कळवतात, यंत्र जोड्या लावते आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो. तिथे या पद्धतीला नुसते ‘मॅच’ म्हणतात. आपल्याकडचेही अनेक डॉक्टर त्यात असतात, त्यामुळे त्या रात्री पुण्या-सांगलीतल्या घरांतूनही डोळे फोनकडे लागलेले असतात. मी डॉक्टर नाही, गणितीही नाही. एखादा नियम कोणी केला आणि कोणाच्या सोयीचा केला, हे खोदत बसायची खोड मात्र जुनी आहे. या नियमाच्या मुळाशी जाताना मला गणितज्ञांच्या आधी विद्यार्थी भेटले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे इंटर्नच्या जागा भरपूर आणि पदवीधर कमी होते. इंटर्न म्हणजे स्वस्तात रात्रंदिवस राबणारा डॉक्टर; तो आधी आपल्याला मिळावा म्हणून हॉस्पिटलांची चढाओढ लागली. १९४०च्या दशकात तर पदवीच्या दोन-दोन वर्षे आधी जागा ठरू लागल्या. मुलगा पुढे कसा निघेल हे ना हॉस्पिटलाला ठाऊक, ना त्याला स्वतःला! अखेर १९४५ साली महाविद्यालयांनी ठरवले, की ठरावीक तारखेपूर्वी कोणाचे गुणपत्रक बाहेर द्यायचे नाही. घाई थांबली, पण दुखणे दुसरीकडे उमटले. हातात एक जागा असलेला विद्यार्थी अधिक चांगल्या जागेची वाट पाहत उत्तर लांबवू लागला आणि हॉस्पिटले उत्तराची मुदत आखडत गेली. १९४५ साली ती दहा दिवसांची होती. १९४९मध्ये बारा तासांचा प्रस्ताव आला, तर हॉस्पिटलांच्या संघटनेला तोही लांब वाटला. तार यायची, आणि उत्तर तिथल्या तिथे द्यायचे.

यावर तोडगा म्हणून जॉन स्टॅल्नेकर आणि एफ. जे. मलिन यांनी मध्यवर्ती जोडणीची योजना पुढे आणली. तिची चाचणीही झाली. दोघांनी एकमेकांना पहिला क्रमांक दिला असेल त्या जोड्या आधी पक्क्या करायच्या, मग पायरीपायरीने खालचे क्रमांक घ्यायचे. ऐकायला सरळ वाटते. पण समजा, एखाद्याने मनापासून हवे असलेले नामांकित हॉस्पिटल वर लिहिले आणि गावाजवळचे खाली. नामांकिताने घेतले नाही, तर तो गावाजवळच्याकडे वळेपर्यंत ती जागा ते हॉस्पिटल वर लिहिणाऱ्या दुसऱ्या कोणाला जाऊ शकत होती, मग हॉस्पिटलाला हाच अधिक हवा असला तरी. म्हणजे मनातले खरे लिहिणाराच फसणार.

ही गोम १९५१च्या शरद ऋतूत विद्यार्थ्यांनी पकडली. हार्वर्डचा हार्डी हेंड्रेन त्यांच्यात पुढे होता. पुढे तो मुलांचा शल्यचिकित्सक म्हणून नावारूपाला आला. त्यांनी ‘बॉस्टन पूल’ नावाचा पर्याय लावून धरला. त्यात लागलेली जोडी कच्ची धरायची. पुढे विद्यार्थ्याला त्याच्या यादीतली वरची जागा मिळत असेल तर ती जोडी मोडायची आणि सुटलेली जागा हॉस्पिटलाच्या यादीतल्या पुढच्याला देऊ करायची. असे करत गेले, की एकमेकांना अधिक हवे असूनही ताटातूट झालेले हॉस्पिटल आणि विद्यार्थी शेवटी उरत नाहीत. संयोजकांनी हे मान्य केले आणि १९५२ साली छिद्रांच्या कार्डांवर पहिली जोडणी लागली. जागा दहा हजारांवर, विद्यार्थी सुमारे सहा हजार!

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांचा विवाह जुळवण्याच्या गणितावरचा प्रसिद्ध निबंध यानंतर दहा वर्षांनी, १९६२ साली आला. दोन्ही रीतींचे फळ एकच आहे, हे ॲल्विन रॉथ यांनी १९८४मध्ये दाखवून दिले. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९५१च्या मुलांची नावे मात्र तळटिपांत राहिली.

त्याच गणिताने आणखी एक गोष्ट उघड केली. मागणी घालणारी बाजू फायद्यात राहते आणि खरे लिहिण्याची पूर्ण हमीही तिलाच असते. १९५२च्या नियमात मागणी हॉस्पिटल घालत होते. म्हणजे मुलांनी लढाई निम्मीच जिंकली होती. उरलेली निम्मी १९९०च्या दशकात विद्यार्थी संघटनांनी पुन्हा लढवली. रॉथ आणि एलियट पेरॅन्सन यांनी नियम उलटा केला आणि १९९८पासून मागणी उमेदवाराकडून सुरू होते. फरक हजारात जेमतेम एका उमेदवाराला पडतो, हे त्यांनीच मोजून दाखवले. एवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. ‘मनात आहे तेच लिहा’ असे विद्यार्थ्याला सांगायचे, तर ते शब्दशः खरे असायला हवे.

नवरा-बायको दोघेही डॉक्टर असले, की हे गणित अडते. १९७०च्या दशकात अशी जोडपी वाढली, तेव्हा नियम असा होता की दोघांपैकी एकाला ‘प्रमुख’ ठरवायचे, त्याची जागा आधी लावायची आणि दुसऱ्याची यादी त्याच गावापुरती छाटायची. जोडप्यांनी सरळ पाठ फिरवली आणि बाहेरच्या बाहेर जागा ठरवू लागली. पुढे त्यांना जोडीने पसंतीक्रम देण्याची मुभा मिळाली. जोडपी धरली तर निर्दोष जोडणी असेलच अशी हमी गणित देत नाही. व्यवहारात मात्र ती सापडत आली आहे.

एक प्रश्न मात्र कोणत्याही यादीत बसत नाही. जागा यंत्र लावते, पगारावर घासाघीस करायला उमेदवाराला वावच नसतो. २००२ साली काही डॉक्टरांनी याच मुद्द्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. २००४च्या एप्रिलमध्ये अमेरिकी संसदेने पेन्शन निधीविषयीच्या कायद्यातच एक कलम घालून मॅचला संरक्षण दिले आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने दावा निकालात काढला.