समावेशक शिक्षणातील मूल्यसंघर्ष

समावेशक शिक्षण म्हणजे दिव्यांग व अन्य विद्यार्थ्यांनी एकाच वर्गात शिकावे आणि त्यासाठी शाळेने आपली अध्यापनपद्धती बदलावी, अशी व्यवस्था. समानता, विशेष साहाय्य आणि निवडीचे स्वातंत्र्य ही तिन्ही मूल्ये तिला मान्य असली, तरी प्रत्यक्षात ती अनेकदा परस्परांच्या आड येतात.

कायदेशीर चौकट

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्याच्या कलम ३१ नुसार ६ ते १८ वयोगटातील लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगविषयक समितीची भूमिका मात्र स्वतंत्र शाळांच्या विरोधात आहे. महाराष्ट्रात सर्वसाधारण शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, तर विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे असल्याने या निवडीला प्रशासकीय भिंतही आहे.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

भंडारा हा सात तालुक्यांचा, प्रामुख्याने ग्रामीण व भातशेतीचा जिल्हा. गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत कर्णबधिर मूल भावंडांसोबत जाते, घरीच राहते. परंतु तेथे सांकेतिक भाषा जाणणारे दुसरे कोणी नसेल, तर ते वर्गात बसूनही एकाकी राहते. निवासी विशेष शाळेत त्याला भाषा मिळते, पण घर सुटते. या दोहोंपैकी कोणती हानी लहान, हे कायदा सांगत नाही. ते पालकांना ठरवावे लागते. अंध मुलाबाबत ब्रेल शिकवणाऱ्याच्या अभावी असाच प्रश्न उभा राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ग्राह्य धरले. ज्या गावच्या शाळेत असे एक-दोनच विद्यार्थी असतात, तिच्या वाट्याला या हिशेबाने पूर्णवेळ शिक्षक येत नाही. अनेक शाळांसाठी मिळून एक फिरता शिक्षक येतो. उरलेले दिवस वर्गशिक्षकाचे.

अन्य वाद

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय परीक्षेत लेखनिक वा वाढीव वेळ मिळणे कठीण. मात्र त्याच प्रमाणपत्रामुळे मुलावर शिक्का बसेल, अशी धास्ती पालकांना वाटते. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी तो आवश्यकच आहे. पण शाळेत उतरंड किंवा योग्य स्वच्छतागृह नाही, एवढ्यासाठी तो सुचवला गेल्यास सवलतीचे रूपांतर वगळण्यात होते.