पहिली मल्टिप्लायर रील: निवडायची कशी, सेट करायची कशी

इथे रील म्हणजे इन्स्टाग्रामची नव्हे. गळाच्या काठीवर बसते आणि तंगूस गुंडाळते, ती रील. बीडहून कुठल्याही बाजूने निघालं तरी समुद्र रात्रभराच्या प्रवासावर, मग बीडच्या पोरांना याचं काय काम, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडची बरीच मुलं शिक्षणाला, नोकरीला पुण्या-मुंबईत असतात. शनिवार-रविवार अलिबाग, रत्नागिरी, मालवणच्या बाजूला चक्कर होते, तिथे कुणीतरी खडकावर गरवताना दिसतं आणि मग ऑनलाइन शोधाशोध सुरू होते. पहिला घोळ तिथेच होतो, कारण बहुतेक व्हिडिओ सरळ "ही घ्या" म्हणून लिंक देतात. रील चालते कशी, ते कुणी सांगत नाही.

साध्या स्पिनिंग रीलमध्ये दोरा फेकताना स्पूल जागेवर स्थिर असतो आणि दोरा त्याच्या कडेवरून सुटत जातो. मल्टिप्लायरमध्ये स्पूल स्वतः गरगर फिरतो. हँडलचा एक फेरा मारला की गिअरमुळे स्पूलचे पाच-सहा फेरे होतात, म्हणून नाव मल्टिप्लायर. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकीमध्ये जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने अशा रील बनवल्या. स्वीडनची आबू कंपनीही १९२१ साली घड्याळाचा कारखाना म्हणूनच सुरू झाली होती. (राजस्थानच्या माउंट आबूशी संबंध नाही.) बारीक गिअर कापायची कला घड्याळवाल्यांकडेच होती, म्हणून हा योगायोग म्हणता येणार नाही.

गुंता का होतो

जुन्या विहिरीवरचा रहाट आठवा. बादली सोडली की रहाट जोरात फिरतो. बादली पाण्याला टेकते, पण रहाट लगेच थांबत नाही, आणि दोर सैल पडून चाकावर गोळा होतो. मल्टिप्लायरमध्ये हेच घडतं, फक्त वेग भयानक असतो. समजा शिसं सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटलं आणि भरलेल्या स्पूलचा व्यास ४५ मिलिमीटर आहे. म्हणजे घेर साधारण १४ सेंटिमीटर. स्पूल सेकंदाला २१० च्या वर फेरे घेतो, मिनिटाला जवळपास १३,०००! घरच्या मिक्सरच्या पंगतीत बसणारा वेग आहे हा. हवेत शिसं हळू होत जातं, स्पूल मात्र आपल्याच धुंदीत फिरत राहतो, आणि तंगुसाचं घरटं तयार होतं.

या वेगाला लगाम घालायला ब्रेक असतात. सेंट्रिफ्युगल ब्रेकमध्ये छोटे ठोकळे वेग वाढला की बाहेर सरकून कडेला घासतात. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये काहीच घासत नाही. फिरणाऱ्या धातूजवळ चुंबक आणलं की धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि फिरण्याला विरोध करतात. बारावी फिजिक्समधले एडी करंट ते हेच. शिमानोच्या डीसी रीलमध्ये तर चक्क मायक्रोकॉम्प्युटर ब्रेक सांभाळतो, आणि त्याला बॅटरी लागत नाही, स्पूलच्या फिरण्यातूनच वीज मिळते. इंजिनिअर म्हणून मला ते भारी वाटतं, पण पहिली रील म्हणून घेऊ नका. महाग आहे, आणि अंगठा काही शिकत नाही.

पहिल्या रीलसाठी माझं मत स्पष्ट आहे: बाहेरून नॉबने कमी-जास्त करता येणारा मॅग्नेटिक ब्रेक, ६५०० च्या आसपासची साइज, हँडलमागे चांदणीच्या आकाराचा ड्रॅग. लिव्हर ड्रॅगच्या मोठ्या रील बोटीवरून सुरमई किंवा त्याहून दांडगा मासा ओढायला असतात, किनाऱ्यावरून फेकायला नाहीत. गिअर रेशो पाच-सहाच्या दरम्यान ठेवा. ५.३ रेशो आणि १४ सेंटिमीटर घेर म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ७५ सेंटिमीटर दोरा परत येतो, आणि खडकांवरून शिसं अडकायच्या आत वर उचलायला हा वेग लागतो. दोरा नीट पसरवत डावी-उजवीकडे सरकणारा लेव्हलवाइंड असेल तर फेक थोडी कमी जाते. शिकताना त्याने बिघडत नाही.

काठीही तपासा. मल्टिप्लायर काठीच्या वर बसते, कड्या आकाशाकडे. स्पिनिंगच्या काठीवर ती आवळून बसवली तर बसेल, पण पहिली कडी मोठी आणि चुकीच्या अंतरावर असल्याने दोरा काठीला घासतो.

दोरा भरताना

सुरुवातीला ०.३५ मिलिमीटरचं साधं मोनो तंगूस घ्या. ब्रेड नको. गुंता झाला की ब्रेड सुटता सुटत नाही, आणि जोराच्या फेकीत अंगठा कापतो. रीलवर "०.३५ / २५० मीटर" असं लिहिलं असेल आणि तुम्ही ०.४० भरलंत, तर क्षमता व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २५० चे साधारण १९० मीटर. स्पूलला आधी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, नाहीतर गाठ घट्ट असूनही सगळा दोरा स्पूलवर घसरत राहतो. ओल्या फडक्यातून ताण देत भरा, आणि कडेपासून दोन-तीन मिलिमीटर रिकामं सोडा. गाठ आवळण्याआधी ओली करायची, हे विसरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: शॉक लीडर. मेन लाइनच्या पुढे जोडायचा हा जाड तंगुसाचा तुकडा. ०.३५ चं तंगूस सहा-सात किलोला तुटतं. १२० ग्रॅम शिसं पूर्ण जोरात फेकताना त्याहून कितीतरी जास्त झटका बसतो. दोरा तुटला तर ते शिसं गोळीसारखं जातं, आणि समोर उभ्या माणसाच्या डोक्यात बसलं तर जीव जाऊ शकतो. हिशोब सोपा आहे: दर ३० ग्रॅम शिशामागे साडेचार किलो ताकदीचा लीडर. १२० ग्रॅमला किमान १८ किलो. बारा फुटी काठीला आठेक मीटर लांब, म्हणजे फेकायच्या वेळी स्पूलवर सहा-सात वेढे राहतात. लीडरची गाठ अंगठ्याखाली येऊ देऊ नका, स्पूलच्या पलीकडच्या कडेला सरकवा.

ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागला की दोरा किती ताणावर सुटावा ते. बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा दोऱ्याला अडकवा आणि ओढा. दोरा तुटायच्या वजनाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर स्पूल सरकायला हवा. सात किलोच्या दोऱ्याला दोन किलोच्या आसपास. खाडीच्या तोंडाशी मोठा जिताडा लागला आणि ड्रॅग पूर्ण आवळलेला असला, तर दोरा गेलाच म्हणून समजा.

सराव बीडमध्येच

यासाठी समुद्र लागत नाही. परदेशात लांब फेकीच्या स्पर्धासुद्धा गवताच्या मैदानावर होतात. ज्वारी काढलेलं मोकळं रान पुरे. गरी लावायची नाही, फक्त शिसं. आधी काठी तिरपी धरून बटण दाबा आणि शिसं खाली जाऊ द्या. ते सावकाश उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे, तोवर बाजूचा टेन्शन नॉब आवळा. मॅग्नेट पूर्ण वर. मग अर्ध्या जोराने, डोक्यावरून सरळ फेक. शिसं पडायच्या क्षणी अंगठा स्पूलवर. सलग दहा फेकी बिनगुंत्याच्या झाल्या की मॅग्नेट एक खूण कमी करा, एका वेळी एकच.

रानात दोन गोष्टी बघा. वरून विजेची तार जात असेल तर तिथे काठी उभीच करू नका, कार्बन फायबर वीजवाहक असतं. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडले की काठी खाली ठेवून घरी जा. माजलगाव किंवा मांजरा धरणावर गरवायचं असेल तर आधी विचारा, कारण जलाशयांमधली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. तिथल्या रोहू-कटल्याला ही जड रील लागतही नाही.

समुद्रावर गेल्यावर आपल्याकडच्या पोरांना फसवते ती भरती. येताना जो खडक कोरडा होता, तो सहा तासांत पाण्याखाली असतो. फोनला रेंज नसेल तर कोकणातला जुना हिशोब: तिथीचा आकडा गुणिले पाऊण. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वा अकरा. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अंदाजच आहे तो, शिवाय अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं, म्हणून स्थानिक कोळी दादांना विचारल्याशिवाय खडकावर पुढे जाऊ नका. पावसाळ्यात खडकावरची फिशिंग नकोच.

परत आल्यावर त्याच रात्री रील धुवा. ड्रॅग आवळून, गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली. जोराचा पाइप मारला तर मीठ आत ढकललं जातं, आणि बादलीत बुडवली तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. पुसून, सावलीत वाळवून बेअरिंगला एकेक थेंब तेल द्या. जाडसर तेल घातलं तर स्पूल थोडा मंद फिरतो, नवशिक्याला ते बरंच. खोबरेल वापरू नका, थंडीत ते गोठतं. ठेवताना ड्रॅग सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दाबून राहतात आणि पुढच्या वेळी दोरा झटके देत सुटतो.