नभोनाट्याची घडण आणि त्याचे जतन

15 जानेवारी 1924 रोजी लंडनहून बीबीसीने रिचर्ड ह्यूज यांची ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ ही श्रुतिका प्रसारित केली. खास नभोवाणीसाठी लिहिलेले हे पहिले नाटक मानले जाते. ह्यूज यांनी स्थळ निवडले कोळशाच्या खाणीचे आणि आरंभीच दिवे घालवले. त्यामुळे पात्रे आणि श्रोते दोघेही अंधारातच. माध्यमाची मर्यादा कथानकातच मुरवल्यावर ‘काही दिसत नाही’ या तक्रारीला जागा राहिली नाही. कोणता प्रसंग कानावर सोपवण्याजोगा आहे, हे ठरवणे हीच नभोनाट्यकाराची पहिली कसोटी.

या प्रकाराची साधने मोजकीच: संवाद, आवाजाची जात, ध्वनिपरिणाम आणि शांतता. यांत आवाजाच्या निवडीला मी सर्वांत वरचे स्थान देतो. रंगमंचावर दोन नटांचे आवाज सारखे असले तरी चेहरे वेगळे असतात; श्रुतिकेत तसे झाले की ऐकणारा गोंधळतो. मायक्रोफोनपासूनचे अंतरही अर्थ सांगते. जवळून आलेला हलका स्वर मनातला वाटतो, तोच चार पावले मागून आला की माणूस दाराबाहेर उभा राहतो. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वाजवणे ही स्टुडिओतली जुनी युक्ती, पण असा आवाज संवादाच्या आधाराने वापरावा लागतो. नुसता खडखडाट ऐकून घोडा दिसत नाही.

विनोदासाठी या साधनांचा सर्वांत धाडसी वापर ‘द गून शो’ने केला. 1951 ते 1960 या काळात चाललेल्या या मालिकेचे प्रमुख लेखक स्पाइक मिलिगन यांचा जन्म 1918 साली अहमदनगरला, म्हणजे धाराशिवला वायव्येकडून लागून असलेल्या आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात झाला. वडील ब्रिटिश लष्करात होते आणि बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. 1955च्या ‘नेपोलियन्स पियानो’ या भागात पात्रे नेपोलियनचा पियानो पॅरिसहून इंग्लंडला आणायला निघतात आणि तोच पियानो होडीसारखा समुद्रात लोटून खाडी पार करू लागतात. रंगमंचावर हे दाखवायला किती खटाटोप करावा लागेल! इथे लाटांचा आवाज आणि ठामपणे बोलणारे नट एवढ्यावर काम भागते. अशक्य गोष्ट गंभीरपणे सांगितली आणि आवाजाने तिला दुजोरा दिला, की ऐकणाऱ्याचे मन पुढचे चित्र स्वतःच पुरे करते.

मराठी नभोनाट्याने दुसरी वाट धरली. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी महाराष्ट्रभर घरचे झाले. इथे समुद्र ओलांडायचा नव्हता. घरातल्या बोलण्याच्या लकबीतून माणूस उभा करायचा होता. हे काम पियानो तरंगवण्यापेक्षा कमी कठीण नाही, असे माझे मत आहे.

धाराशिवच्या श्रोत्याची स्थिती थोडी वेगळी होती. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या सरकारी रेडिओवर वरचष्मा उर्दूचा. पुढे मराठी कार्यक्रम आले तरी नाटकातली भाषा बहुधा मुंबई-पुण्याचीच राहिली. उमरग्याकडच्या मराठीत कानडीचा हेल आहे, परंड्याकडची बोली सोलापूर-नगरच्या अंगाने जाते, आणि ‘लई’, ‘काहून’ हे शब्द ऐकताच बोलणारा कुठला याचा अंदाज येतो. ज्या कलेत माणसाची ओळख केवळ उच्चारावरून पटते, तिच्यासाठी ही मोठीच सामग्री आहे. धाराशिवला आकाशवाणीचे केंद्र आहे. या बोलींतल्या श्रुतिका तिथे नेमाने व्हायला हव्यात.

आता जतनाविषयी. टेप महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायची पद्धत बीबीसीतही होती आणि त्यात असंख्य कार्यक्रम गेले. तरीही ‘गून शो’चे बरेच भाग वाचले, कारण परदेशी केंद्रांना विकण्यासाठी बीबीसीचा एक विभाग त्यांच्या तबकड्या काढत असे. 2001 साली बीबीसीने लोकांनाच आवाहन केले, की घरी उतरवून घेतलेले जुने कार्यक्रम आणून द्या, आणि हरवलेले पुष्कळ काही परत मिळाले. डिसेंबर 2002 मध्ये जुन्या विनोदासाठी आणि नाटकांसाठी वेगळी वाहिनीच सुरू झाली. 2011 पासून ती ‘रेडिओ फोर एक्स्ट्रा’ या नावाने चालते. म्हणूनच आज तुळजापुरात बसून मोबाइलवर सत्तर वर्षांपूर्वीचा मिलिगन ऐकता येतो. ‘पुन्हा प्रपंच’ मात्र तितक्या सहजतेने आणि क्रमवार मिळत नाही. याला रसिकांची उदासीनता कारण नाही. ध्वनिमुद्रण ही जपायची वस्तू आहे, असे त्या काळी कोणाला फारसे वाटलेच नाही.

हे काम आता श्रोत्यांनाही करता येईल. ज्यांच्या घरी रेडिओवरून उतरवलेल्या श्रुतिकांच्या जुन्या कॅसेटी आहेत, त्यांनी त्या बुरशी धरण्याआधी संगणकावर उतरवून घ्याव्यात. सोबत केंद्राचे नाव, कलाकार आणि प्रसारणाचे साल आठवेल तेवढे लिहून ठेवावे, आणि एक प्रत जवळच्या आकाशवाणी केंद्राला देऊ करावी.