सोलापूरची वाकळ आणि भोंग्याचे घड्याळ

काही वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका वाचनालयात मी वाकळीवर व्याख्यान दिले होते. जुन्या वाकळींची छायाचित्रे दाखवली, टाक्यांचे प्रकार सांगितले आणि शेवटी एक वाक्य टाकले : 'वाकळ ही आपल्या आया-आज्यांची फुरसतीची कला होती.' टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर पूर्व भागातल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बोललात चांगलं, सर. पण फुरसत कुणाला होती हो? हजार बिड्या झाल्याशिवाय आमची चूल पेटत नव्हती. वाकळ आम्ही पाऊस पडायच्या आत उरकायचो."

मी कागदपत्रांतून बरेच वाचले होते, पण शिवणारीला कधी विचारले नव्हते की तुम्हाला किती दिवस लागले. हा लेख त्या एका वाक्याची दुरुस्ती आहे.

सोलापूर हे या प्रश्नासाठी सोयीचे गाव आहे. इथे एकाच वस्तूला तीन भाषांत तीन नावे आहेत. मराठी घरांत ती वाकळ किंवा गोधडी, कानडी घरांत कौदी आणि तेलंगणातून आलेल्या विणकर पद्मशाली घरांत बोंत. नावे वेगळी असली तरी कृती फारशी वेगळी नाही. फाटलेली नऊवारी लुगडी, धोतरे, सदरे धुऊन घ्यायचे. धड राहिलेले मोठे कापड खाली अंथरायचे, त्यावर जीर्ण कापडांचे थर लावायचे, वरून पुन्हा धड कापड किंवा तुकड्यांची जोड घालायची. थर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे आणि मग धावदोरा. बहुतेक ठिकाणी तो कडेपासून सुरू होतो आणि चौकोनात चौकोन काढत मध्याकडे जातो.

कापडाचे गाव असल्यामुळे इथे कच्च्या मालाला तोटा नव्हता. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तीच पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मी आणि नरसिंगगिरजी, नंतर विष्णू अशा गिरण्या आल्या. शिवाय घरोघरी हातमाग होते. मागावर उरलेले सूत दोन-तीन पदरी वळले की शिवायला दोरा तयार. जुन्या वाकळींमधला दोरा मध्येच रंग बदलतो, तो नेहमीच नक्षीसाठी बदलत नाही. पुष्कळदा त्या रंगाचे सूत संपलेले असते, इतकेच.

गिरण्यांबरोबर या गावात भोंगा आला, आणि भोंग्याबरोबर मोजलेला वेळ. 1891 च्या कारखाना कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांपर्यंत मर्यादित केले. 1911 मध्ये कापड गिरणीतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली. 1922 मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले, 1934 मध्ये चोपन्न आणि 1946 मध्ये अठ्ठेचाळीस. ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी 1967 च्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे की, कारखानदारी येण्यापूर्वी माणूस कामाच्या कलाने वेळ मोजत असे, नंतर घड्याळ कामाला मोजू लागले. सोलापुरात हा बदल भोंग्याच्या आवाजात झाला. गिरणीत न जाणाऱ्या घरांतही डबा, पाणी आणि झोप भोंग्यावर चालत असे.

पण घरात बसलेल्या बाईला भोंगा नव्हता, म्हणून तिचा वेळ तिचा होता, असे म्हणता येत नाही. हातमागाच्या घरात बायका कांड्या भरत, आणि मागावरच्या माणसाला कांडी कमी पडून चालत नसे. पुढे बिडीचा धंदा वाढला आणि हजारो बायकांच्या मांडीवर सूप आले. तेंदूची पाने भिजवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची. मजुरी तासावर नाही, हजारावर. माल पसंत पडला नाही तर तेवढ्या बिड्यांची मजुरी बुडे. 1966 मध्ये बिडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि घरी बसून बिडी वळणारीही त्यात कामगार ठरली. पण हजाराचा हिशेब तसाच राहिला. अशा हाताला फुरसत चिकटवण्याचा अधिकार मला कुणी दिला होता?

त्या आजींच्या घरी मी पुढे अनेकदा गेलो. त्यांनी मला दोन वाकळी दाखवल्या आणि माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला.

पहिली रोजच्या वापराची. उलटी करून पाहिली तर टाके लांब, जवळजवळ बोटाच्या पेराएवढे. दोन ओळींमध्ये अंतर ऐसपैस. चार बाजूंना चार वेगळे हात ओळखू येतात. एक टाका बारीक आणि सरळ, दुसरा तिरका, तिसरा कुठे घट्ट कुठे सैल. वैशाखात अंगणातल्या सावलीत वाकळ पसरायची, चार बाजूंना चौघी बसायच्या आणि दोन-तीन दुपारींत मोकळ्या व्हायच्या. आज हिच्या दारात, उद्या तिच्या. शेतकरी ज्याला सावड म्हणतो, तोच हा व्यवहार. घाईचे कारणही साधे होते. मृगाच्या आत पांघरूण तयार हवे, किंवा घरात बाळंतीण यायची आहे, आणि दुपारी बसलेला प्रत्येक तास बिड्यांमधून वजा होतो. लांब टाका हे अडाणीपणाचे लक्षण मी समजत होतो. खरे तर तो हिशेब होता. थर सरकणार नाहीत एवढा जवळ आणि वेळ वाया जाणार नाही एवढा लांब.

या घाईत प्रेम नव्हते असे मात्र नाही. त्या दुपारींच्या गप्पा, थट्टा, कुणाच्या सासूची नक्कल, हे सगळे आजी आजही हसत सांगतात. वेगाने केलेले काम आनंदाचे नसते, हाही शहरी मनाचा एक समज आहे.

दुसरी वाकळ ट्रंकेत होती. वरचा भाग लहान त्रिकोणांचा, टाके तांदळाच्या दाण्याएवढे. हात एकच, पण तोही बदलत गेलेला. कडेचे टाके तरुण आणि एकसारखे, मध्याकडे येताना ते थोडे थरथरलेले. ही त्यांनी मुलीच्या लग्नानंतर सुरू केली होती. कधी दोन ओळी, कधी महिनोन्महिने काही नाही. मध्याचा हातभर भाग अजून कच्च्या टाक्यांवरच आहे. मी विचारले, "आजी, ही पूर्ण कधी होणार?" त्या म्हणाल्या, "बिडी कारखान्यात मोजून द्यायची होती. ही कुणाला मोजून द्यायची नाही."

म्हणजे प्रश्न सावकाश की झटपट, असा नाहीच. त्याच बाईने, त्याच सुईने दोन्ही केले. प्रश्न आहे तो वेग कोण ठरवतो याचा. पहिल्या वाकळीचा वेग पावसाने आणि मजुरीने ठरवला, दुसरीचा तिने स्वतः. दिवसभर हजाराच्या हिशेबात अडकलेल्या बाईला, कुणीही तारीख न दिलेले एखादे काम जवळ असणे ही काय चीज होती, ते मला त्या अपुऱ्या मध्यभागाने समजावले.

तिसरा वेगही नोंदवायला हवा. भटक्या समाजांतल्या काही बायका गावोगाव फिरून वाकळी शिवून देत आल्या आहेत. मजुरी नगावर. पूर्वी पैशांबरोबर धान्य, जुने कपडेही मिळत. त्यांच्यासाठी झपझप चालणारा हात म्हणजे पोट. त्यांचे टाके पाहून 'धंद्याचे काम' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

अशीच गोष्ट अमेरिकेत घडली आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. एकेकाळी गुलाम असलेल्या कृष्णवर्णीयांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या बायका जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, 1966 मध्ये, त्या परिसरात 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था उभी राहिली. मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या. रोख पैसा आला, पण त्याबरोबर ठरलेले नमुने, सारखे टाके आणि तारखाही आल्या. 1972 मध्ये सीअर्स कंपनीसाठी कॉर्डुरॉयची उशीची आवरणे शिवायचे काम मिळाले. त्यातली कतरण बायकांनी घरी नेली आणि आपल्या मर्जीने गोधड्यांत लावली. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात जीज बेंडच्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा जग थक्क झाले ते अशा मर्जीच्या गोधड्या पाहून. ऑर्डरीचे काम आणि मर्जीचे काम, कापड तेच, हात तेच. आजींच्या दोन वाकळी मला तिथेही दिसल्या.

आपल्याकडे वाकळीची गरज हळूहळू सरली. जकार्डवर विणलेली जाड सोलापुरी चादर घराघरांत पोचली. भौगोलिक मानांकनाचा मान महाराष्ट्रात सुरुवातीलाच मिळवणारी हीच चादर. पांघरायला ती तयार मिळू लागल्यावर पावसाआधीची धावपळ थांबली. नऊवारी सुती लुगडी गेली आणि कृत्रिम धाग्याच्या पाचवारी आल्या. त्या थरात सरकतात आणि घाम शोषत नाहीत. मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि भोंगेही गप्प झाले. आता वाकळ शिवली जाते ती हौसेने किंवा विक्रीसाठी. गीता खंडेलवाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर ग्रंथ लिहिला, बचत गटांना शहरांतून मागणी येऊ लागली, हे चांगलेच झाले. पण विकत घेणाऱ्याला 'आजीच्या निवांत हातची' गोधडी हवी असते, तीही आठ दिवसांत, आणि भाव यंत्राच्या गोधडीचा. निवांतपणा हवा असेल तर त्याचे तास मोजून दाम द्यायला हवेत, नाहीतर लांब टाका मुकाट्याने स्वीकारायला हवा. दोन्ही बाजूंनी ओढले तर फाटते ती शिवणारी.

नवरात्राआधी आपल्या घरांत अंथरूण-पांघरूण धुण्याची रीत आहे. यंदाची धुणी होऊन गेली असतील. पण माळ्यावर किंवा ट्रंकेत एखादी जुनी वाकळ राहिली असेल तर भांडेवालीला देण्याआधी किंवा तिचे पायपुसणे करण्याआधी ती एकदा उलटी करून पाहा. टाके मोजा. हात किती, दोरा कुठे बदलला, तुकडे कुणाच्या कपड्यांचे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका कागदावर लिहा आणि कागद वाकळीबरोबर ठेवा. आणि मी जे विचारायला विसरलो होतो तेही विचारा : ही किती दिवसांत झाली, आणि घाई कुणाची होती?

त्या आजींना मी या लेखाचा खर्डा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. शेवटी म्हणाल्या, "आता बरोबर आहे." मग ट्रंक उघडली, दुसरी वाकळ बाहेर काढली आणि सुईत दोरा ओवायला माझ्या हातात दिला.