नवरा अमेरिकेत, कागद गावात : बायकोच्या कायमच्या व्हिसाचा अर्ज नेमका कुठे अडतो?

लग्न झालं, हळद उतरली, जावईबापू तीन आठवड्यांची रजा संपवून अमेरिकेला परत गेले. आता मुलगी कधी जाणार, हा एकच प्रश्न भावकीत, शेजारीपाजारी आणि पिठाच्या गिरणीवर. उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो. सगळं सुरळीत झालं तरी दीड-दोन वर्षं धरून चाला. यातला बराचसा वेळ अमेरिकेतल्या कार्यालयांचा असतो, तो आपल्या हातात नाही. पण त्यावर आणखी सहा महिने, वर्ष वाढतं ते ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमुळे, शाळेच्या दाखल्यामुळे आणि नावातल्या एका अक्षरामुळे. ते मात्र आपल्या हातात आहे.

आधी एक गोष्ट विचारा, आणि ती साखरपुड्याच्या आधी विचारा. मुलगा "अमेरिकेत आहे" म्हणजे नेमका कोणत्या कागदावर आहे? तो अमेरिकेचा नागरिक असेल तर बायकोच्या व्हिसाला वर्षाच्या कोट्याची रांग नाही. त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर बायकोचा अर्ज एफ-२ए नावाच्या गटात जातो आणि तिथे रांग आहे. रांग कुठवर आली ते अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. मधल्या काळात तो नागरिक झाला तर तसं कळवून अर्ज रांगेबाहेर काढता येतो. आणि तो एच-१बी वर नोकरीला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. त्याच्या बायकोला एच-४ मिळतो, तो कायमचा व्हिसा नव्हे. नवऱ्याची नोकरी गेली की तिचाही आधार जातो. स्थळ सांगणारे हे तिन्ही प्रकार "अमेरिकेत सेटल" या दोन शब्दांत गुंडाळतात. म्हणून पासपोर्टची किंवा ग्रीन कार्डची प्रत मागा. मागायला लाजू नका, आपण सातबारा बघितल्याशिवाय जमीन घेत नाही. (अमेरिकेत मुलगी असेल आणि नवरा गावाकडे, तरी नियम हेच.)

अर्ज कोण करतं?

मुलगी नाही, नवरा करतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे तो आय-१३० नावाचा अर्ज भरतो. ऑनलाइन भरला तर फी ६२५ डॉलर, कागदावर ६७५ डॉलर. हा दर एप्रिल २०२४ पासूनचा आहे, भरण्याआधी खात्याच्या साइटवर एकदा बघून घ्या. हा मंजूर व्हायलाच बहुतेक वेळा वर्षाच्या वर जातं. मंजुरीनंतर फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते आणि केस नंबर मिळतो. मुंबईत मुलाखत होणार असेल तर तो नंबर बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो. मग ३२५ डॉलर व्हिसाची फी, १२० डॉलर नवऱ्याच्या हमीपत्राची फी, मुलीचा डीएस-२६० हा ऑनलाइन फॉर्म आणि सगळ्या कागदांचे स्कॅन. सगळं तपासून झालं की मुलाखतीची तारीख येते.

इथे एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. व्हिसा सेंटरची फी अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच भरावी लागते. म्हणजे तालुक्याच्या गावातला एजंट "फाईल टाकायला" रोख पैसे मागत असेल, तर त्याला विचारा की नेमकी कोणती फाईल? आय-१३० जावई भरतो, या दोन फियाही जावईच भरणार. एजंट फार तर फॉर्म भरून देईल. तारीख लवकर मिळवून देतो, आत ओळख आहे, असं सांगणारा खोटं बोलतोय. आणि फॉर्ममध्ये ईमेल स्वतःचाच द्या. एजंटने स्वतःचा ईमेल टाकला की सगळी पत्रं त्याच्याकडे जातात आणि तुम्ही त्याच्या दारात बसता. सरकारी साइट ओळखायची खूण सोपी आहे, इमिग्रेशन खातं आणि परराष्ट्र खातं या दोन्हींचा पत्ता शेवटी डॉट जीओव्ही असाच असतो.

आता गावातले कागद

पहिला, विवाह नोंदणी दाखला. लग्नपत्रिका, फोटो, भटजींचं पत्र यांनी लग्न झालं एवढं दिसतं, पण व्हिसाला नोंदणीचाच दाखला लागतो. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे गावातली नोंद ग्रामसेवकाकडे होते (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). अर्ज नमुना ड मध्ये करायचा, दाखला नमुना इ मध्ये मिळतो. तीन साक्षीदार लागतात. नवरा-बायको दोघांनीही समोर येऊन सह्या करायच्या असतात, आणि घोळ इथेच होतो. लग्नाच्या गडबडीत नोंदणी राहते, जावई विमानात बसतो, मग एका सहीसाठी पुढच्या वर्षीच्या रजेची वाट बघायची. जेवणावळीच्या तारखेबरोबर नोंदणीचीही तारीख ठरवा. विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर लग्न करायचं असेल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तीन आठवड्यांच्या रजेत ते बसत नाही. नवरा तिकडे, नवरी इकडे आणि व्हिडिओ कॉलवर लग्न, असलं काही करू नका. दोघं एका ठिकाणी नसताना लागलेलं लग्न, नंतर दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र राहिल्याशिवाय, अमेरिकेचं इमिग्रेशन खातं धरत नाही.

दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल, तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा लागतो. गावकीत बसून झालेली सोडचिठ्ठी, स्टॅम्प पेपरवरचा काडीमोड इथे पुरत नाही. पहिला जोडीदार वारला असेल तर मृत्यू दाखला.

दुसरा कागद जन्मदाखला, आणि सगळ्यात जास्त केसेस यावरच अडतात. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे मुलीचा जन्म तिच्या आजोळी झालेला असतो आणि घरचे वडिलांच्या गावच्या ग्रामपंचायतीत रजिस्टर चाळत बसतात. आधी आजीला विचारा, घरी झाली की दवाखान्यात, आणि कोणत्या गावात. दवाखाना नगरपालिका हद्दीत असेल तर नोंद नगरपालिकेत असते.

नोंद सापडली तरी काम संपलं नाही. जुन्या नोंदीत बाळाचं नावच नसतं, नुसतं "मुलगी" लिहिलेलं असतं. आईचं नाव माहेरचं असतं. आणि जन्मतारीख? आपल्या पिढीत निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे सांगायला नको. गुरुजींनी शाळेत नाव घालताना वय बसवलं, तीच तारीख दाखल्यावर, तीच आधारवर, तीच पासपोर्टवर. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये मात्र खरी तारीख, समजा ऑगस्टमधली. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये लागले की समोरचा अधिकारी विचारणारच की ही मुलगी एक आहे की दोन.

यावर उपाय एकच आहे. आय-१३० भरायच्या आधी सगळे कागद जमिनीवर पसरा: जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट, विवाह दाखला. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, एकेक अक्षर जुळवा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. "ज्ञानेश्वर" हे नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतं, ते एखाद्या घरातले पाच दाखले बघितले की कळतं. तारखेत फरक असेल तर जन्मदाखल्याच्या आधारे पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. वेळ जाईल, पण मुलाखतीच्या आधी जाईल.

नोंदच नसेल तर जन्म नोंद नसल्याचा अनुपलब्धता दाखला मिळतो. त्याबरोबर शाळेचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडावी लागतात. उशिराने नवी नोंद करायची असेल आणि एक वर्षाहून जास्त उशीर झाला असेल, तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. "दोन दिवसांत दाखला काढून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोटा कागद पकडला गेला तर अमेरिकेच्या कायद्यात त्या माणसाला कायमची बंदी आहे. आपला म्हणून दुसऱ्याने घातलेला कागद असला तरी फॉर्मवर सही मुलीची असते.

लग्नानंतर नाव बदलायचं का, हे बरेच जण विचारतात. व्हिसासाठी ते बंधनकारक नाही, माहेरच्या नावाच्या पासपोर्टवरही व्हिसा मिळतो. काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. तसं झालं असेल तर डीएस-२६० मध्ये "इतर नावे" या रकान्यात दोन्ही नावं लिहा. अर्धे कागद जुन्या, अर्धे नव्या नावाचे आणि फॉर्ममध्ये त्याचा पत्ताच नाही, असं नको.

पोलिसांचा दाखला म्हणजे पीसीसी, पण तो पोलीस ठाण्यातून थेट आणायचा नाही. पासपोर्ट सेवा केंद्रातून अर्ज करायचा, फी ५०० रुपये. ठाण्यातून फक्त चौकशी होते. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याने "मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे" असं सहीनिशी लिहून द्यावं.

सातबाऱ्याचा उपयोग नाही

एजंट लोक जमिनीचं मूल्यांकन, सोन्याच्या पावत्या, सरपंचांचा रहिवासी दाखला असा गठ्ठा जमवायला लावतात. इथे बघतात ती जावयाची कमाई. तो आय-८६४ या हमीपत्रावर सही करतो की बायकोचा भार सरकारवर पडणार नाही. त्याचं उत्पन्न तिथल्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के असावं लागतं. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या कुटुंबाला वर्षाला साधारण २६,४३७ डॉलर. कमी पडत असेल तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहहमीदार चालतो. मुलीच्या वडिलांची बागायत इथे धरत नाहीत.

तपासणी आणि मुंबई

भारतातून जाणाऱ्या बायकांच्या या व्हिसाची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये होते. त्याआधी दोन कामं. एक, व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो. दोन, कॉन्सुलेटने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच वैद्यकीय तपासणी. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. लहानपणचं लसीकरण कार्ड असेल तर न्या, नसेल तर लसी पुन्हा घ्याव्या लागतात. छातीचा एक्स-रे होतो. त्यात टीबीचा संशय आला तर थुंकीची कल्चर तपासणी करतात आणि तिला आठ आठवडे लागतात. पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर लपवू नका, औषधोपचाराचे कागद घेऊन जा. पूर्ण बरा झालेला टीबी हे व्हिसा नाकारण्याचं कारण नाही.

मुलाखतीला मूळ कागद लागतात. मोबाईल आत नेता येत नाही, सोबत आलेल्या माणसाकडे बाहेर ठेवा. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही, या व्हिसाला इंग्रजीची परीक्षाच नाही (इंग्लंडच्या बायको-व्हिसाला आहे, दोन्हीची गल्लत होते). हिंदी किंवा मराठीत बोलायचं आहे असं खिडकीवर सांगा. प्रश्न साधे असतात. स्थळ कुणी आणलं, पहिल्यांदा कधी भेटलात, नवरा काय काम करतो, कुठे राहतो, लग्नाला कोण आलं होतं. ठरवून झालेली लग्नं मुंबईतल्या अधिकाऱ्यांना नवीन नाहीत. फक्त दोन वेळा भेटून लग्न केलं असेल तर तसंच सांगा, प्रेमविवाहाची गोष्ट रचू नका. नवऱ्याने फॉर्ममध्ये लिहिलेलं आणि मुलीने सांगितलेलं जुळलं पाहिजे, म्हणून त्याने भरलेल्या आय-१३० ची प्रत आधी मागून वाचा. लग्नाचे फोटो, पत्रिका, त्याच्या येण्याजाण्याची तिकिटं, फोनच्या नोंदी, पाठवलेले पैसे, हे सगळं न्या. मंगलाष्टकांचे दोनशे फोटो नकोत, दोन्हीकडची माणसं दिसतील असे वीस पुरेत.

खिडकीवरून २२१(जी) लिहिलेला कागद मिळाला तर घरी रडारड होते. कागदावर "नाकारले" असा शब्द असतोच. पण बहुतेक वेळा त्याचा अर्थ एखादा कागद किंवा चौकशी बाकी आहे एवढाच. काय मागितलंय ते वाचा आणि वर्षाच्या आत द्या. वर्ष कोरडं गेलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि वाट बघून कंटाळा आला म्हणून टुरिस्ट व्हिसावर नेऊन तिकडेच ठेवायचा बेत कुणी सुचवेल. नवरा तिथे आहे म्हटल्यावर टुरिस्ट व्हिसा मिळणंच कठीण, आणि खोटं कारण सांगून मिळवला तर वर सांगितलेली कायमची बंदी.

व्हिसा हातात आल्यावर

व्हिसा बहुधा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, त्या मुदतीत अमेरिकेत पोचायचं. ग्रीन कार्ड छापण्याची फी २३५ डॉलर, ती निघण्याआधी ऑनलाइन भरलेली बरी. म्हणजे सरकारी फियाच एकूण १,३०५ डॉलर, लाख रुपयांच्या वर, आणि तपासणी-तिकीट वेगळं.

अमेरिकेत उतरायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं, अटीवरचं मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. ही तारीख माहेरच्यांनीही लिहून ठेवावी. कारण काही नवरे याच तारखेच्या जोरावर बायकोला धमकावतात की सही करणार नाही, परत पाठवीन. नवऱ्याने मारहाण, छळ केला असेल किंवा घटस्फोट झाला असेल, तर तिला एकटीलाही हा अर्ज करता येतो, त्याची सही लागत नाही. नवरा इथेच टाकून गेला, फोन उचलत नाही, अशा तक्रारीसाठी राष्ट्रीय महिला आयोगात परदेशी लग्नांचा वेगळा कक्ष २००९ पासून आहे. त्या वेळी लागतो तो विवाह नोंदणीचा दाखला, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि त्याचा तिकडचा पत्ता. मुलगी निघताना या तिन्हीची एकेक प्रत माहेरच्या कपाटात ठेवा.