नवा ट्रक वारंवार नादुरुस्त? ग्राहक आयोगाकडे दाद शक्य

जालना : पोलाद आणि बियाणे उद्योगांमुळे जालना जिल्ह्यात मालवाहतुकीला मोठे महत्त्व आहे. कर्ज काढून घेतलेला नवा ट्रक वारंवार वितरकाच्या वर्कशॉपमध्ये उभा राहिला, तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. अशा वेळी ट्रकमालक कायद्याने ‘ग्राहक’ ठरतो का, हाच कळीचा प्रश्न असतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेणाऱ्यास मात्र संरक्षण आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, स्वतः चालविण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक असल्याचे स्पष्ट केले. वाहन सर्वस्वी दुसऱ्याकडून चालवून घेणाऱ्यास हा लाभ नाही.

प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी जॉब कार्डवर दोष, तारीख व किलोमीटर यांची नोंद करून प्रत घ्यावी. उत्पादक व वितरक या दोघांनाही लेखी नोटीस द्यावी. ट्रकसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, वाहन बदलून देणे, किंमत परत करणे वा नुकसानभरपाई, असा आदेश आयोग देऊ शकतो.