वाऱ्याची नळी

लोहाराचा भाता दबला की वारा भट्टीत शिरतो. त्या फुंकण्याचा संस्कृत धातू ‘ध्मा’. आपली ‘धमनी’ त्याच्याच पोटची. रक्ताच्या नळीला फुंकणीचं नाव कोणी दिलं असेल?

ग्रीकांकडेही हाच घोळ. ‘आर्टरी’ ज्यातून आला तो ‘आर्तेरिया’ शब्द आधी श्वासनळीसाठी वापरत. कारण साधं होतं. मेलेलं जनावर फाडलं की शिरांमध्ये रक्त साकळलेलं दिसतं, धमन्या मात्र जवळजवळ रिकाम्या. त्यांची जाड, स्नायूंची भिंत मरणानंतर आकसते आणि रक्त पुढे शिरांत ढकलते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा एरासिस्ट्राटस म्हणाला, यांत हवा खेळते. मग जित्या माणसाची धमनी कापली की रक्त का उडतं? त्याचं उत्तर तयार: हवा निसटते आणि मोकळ्या जागेत शिरांमधलं रक्त धावून येतं. चूकच, पण काय डोकं! पुढे दुसऱ्या शतकात गेलेननं जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी दोऱ्यानं आवळली आणि मधोमध चिरली. आत रक्तच. नाव मात्र कोणी बदललं नाही.

आपल्या धमनीलाही याच माळेत ओवण्याचा मोह होतो. पण चरकसंहितेत धमनीची फोड ‘ध्माना’वरून केली आहे आणि टीकाकार चक्रपाणी त्याचा अर्थ भरणं असा लावतो. मनगटावर बोट ठेवून पाहा, नळी भरते, फुगते, ओसरते. मला हे पटतं.

शाळेत आम्ही धमनीला ‘रोहिणी’ आणि शिरेला ‘नीला’ म्हणायला शिकलो. या दोघी सुश्रुताच्या घरच्या. तिथे त्या चौघी आहेत: अरुणा वाताची, नीला पित्ताची, गौरी कफाची, रोहिणी रक्ताची. नव्या शरीरशास्त्रानं दोघींना ठेवून घेतलं. नीलेचं पित्त गेलं, निळा रंग राहिला. तोही चित्रापुरता, कारण तिच्यातलं रक्त गडद लालच असतं. त्यात फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी चित्रात निळी रंगवायची! परीक्षेत तिनं किती मार्क खाल्ले असतील.

हे रक्त जातं कुठे? गेलेनच्या मते ते यकृतात तयार होई आणि शेतात पाणी जिरावं तसं अंगात जिरे. चौदाशे वर्षं हेच चाललं. विल्यम हार्वेनं 1628 च्या ग्रंथात सरळ हिशोब मांडला. त्याचे आकडे फार कमी होते, आजचे घेऊ. ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे तासाला जवळपास 300 लिटर. एवढं रोज खाऊन-पिऊन कुठून आणणार? अंगात तर जेमतेम पाच लिटर. तेच फिरून येत असणार.

पुरावा हातावरच आहे. वडीलधाऱ्यांच्या हाताची फुगलेली शीर बोटांच्या बाजूला दाबून धरा. दुसऱ्या बोटानं आतलं रक्त कोपराकडे, पुढच्या गाठीपलीकडे निपटा आणि ते बोट उचला. रक्त परत येत नाही. गाठीशी झडप आहे. आता पहिलं बोट सोडा, शीर टचकन भरते. या झडपा हार्वेला पादुआत दाखवल्या त्याच्या गुरूनं, फाब्रिशियसनं. त्यांचं तोंड हृदयाकडे का, याचा उलगडा शिष्यानं केला.

रोहिणीतलं रक्त नीलेत पोचतं कसं, ते मात्र हार्वेला दिसलं नाही. तो 1657 मध्ये गेला. 1661 मध्ये माल्पिगीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली ती वाट पाहिली. तिला आपण केशवाहिनी म्हणतो, पण तिच्यापुढे केस म्हणजे दोरखंड.